कलरमधला यू

आर्णी, ४ ऑगस्ट २०२४

चि. सुरभीस आत्याचा जयभीम व भरभरून आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व खुशाल. दादाच्या पंचाहत्तरीला त्याच्या आयुष्यावर आपण आत्या-भाचीनं मिळून इंग्रजीत पुस्तक करायचं, म्हणजे अमेरिकेत वाढणाऱ्या तुझ्या नयनला आजोबा कळतील, ही कल्पना तुझीच. मग माझ्या प्रकरणांतल्या प्रत्येक कलरमधला यू तू काहून काढला? दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचं आयुष्य म्हटल्यावर कलर पानोपानी येणारच. एकशे बारा ठिकाणी काट बसली. बत्तीस वर्षं मी शाळेत तो यू शिकवला, बाई. खुलासा आल्याशिवाय पुढचं प्रकरण मिळायचं नाही. जावयांना जयभीम, नयनला पापा.

रागावलेली, तरी तुझीच,
प्रभावती

कोलंबस, ६ ऑगस्ट

ती. आत्यास सा. जयभीम.

तुझ्या पत्राचा फोटो पाहून वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. अगं, नयन नऊ वर्षांची. तिनं कलरमध्ये यू घातला की तिच्या बाई लाल खूण करतात. शिवाय अर्धं पुस्तक तुझ्या ब्रिटिश वळणाचं, अर्धं माझ्या अमेरिकन, हे कसं दिसेल? म्हणून कॉम्प्युटरला सांगितलं, त्यानं सगळं एकसारखं केलं. एवढ्याशा यूवर जेवण टाकू नकोस. बाबांना यातलं सांगू नकोस, त्यांना पुस्तक अचानक द्यायचंय.

तुझ्या मायेची हक्कदार,
सुरभी

आर्णी, ९ ऑगस्ट

चि. सुरभीस आशीर्वाद.

जेवते आहे, काळजी नको. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. आमचे बाबा गेले तेव्हा दादा आठवीत होता. मी शिकावं म्हणून त्यानं शाळा सोडून ब्रश हातात घेतला. शाळेतून आले की मी त्याला इंग्रजी स्पेलिंग सांगायची आणि तो ओसरीवर बसून पाटीवर गिरवायचा. कलर हा त्याचा पहिला शब्द. तुझ्या कॉम्प्युटरनं तो चूक ठरवला, तेव्हा मला आमची ती ओसरीच खोडल्यासारखी वाटली. बाकी तुला योग्य वाटेल तसं कर.

तुझी आत्या

कोलंबस, १० ऑगस्ट

ती. आत्यास सा. जयभीम.

काल सगळे एकशे बारा यू एकेक करून हातानं परत बसवले. नयन शेजारी बसून मोजत होती. आता असं करू. जे प्रकरण जिनं सुरू केलं, ते शेवटपर्यंत तिच्या वळणानं जाईल, एकाच प्रकरणात भेसळ नाही. आणि पहिल्या पानावर मुलांसाठी लिहू, की दोन्ही रीती बरोबर आहेत. तुला न विचारता हात लावला, माफ कर.

तुझीच,
सुरभी

आर्णी, १३ ऑगस्ट

चि. सुरभीस व नयनला खूप खूप आशीर्वाद.

तुझी तोड मान्य. पण माझ्या पोटात काही राहिलं नाही. काल दादाला सगळं सांगून टाकलं. तो शांतपणे म्हणाला, मले काय मालूम हे दोन देशाचं भांडण हाये. बोर्ड रुंद असला तं मी यू टाकत होतो, आखूड असला तं गाळत होतो. मी विचारलं, मले कधी सांगितलं काहून नाही? तर म्हणे, तू मास्तरीण, तुले वाईट वाटलं असतं. चाळीस वर्षं साऱ्या आर्णीत माझ्या नाकासमोर हे चाललं होतं. मी इतकी हसले की शेजारच्या रुपीबाई बघायला आल्या.

आता हे प्रकरण पुस्तकात हवंच. ते तू सुरू कर, म्हणजे तुझ्या वळणानं होईल. मी मागून येते.

माया आहेच, ती अशीच हक्कानं मागत जा.
प्रभावती आत्या