कुसुमचा सव्वा महिना

८ ऑगस्ट
पल्लवीला घेऊन कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे. आठवा महिना, दुसरं बाळंतपण, वजन ९७. सोबत तिची आई, म्हणजे आमची कुसुम. धाकटी बहीण, पण माझ्या दीडपट. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तीनदा टेकली.

बाई मग कुसुमकडे वळल्या. पाळी कधी आली, पहिलं मूल कधी, किती वेळा दिवस राहिले?

"तीन."

मी म्हटलं, "पाच. दोन पडली ती कोण सांगणार?"

"जी हायेत तीच मोजायची ना, आक्का. नसलेल्यांची काय हजेरी घेतेस?"

पाळी दहाव्या वर्षी, पहिलं एकोणिसाव्या, पुढे लागोपाठ. दर खेपेला वजन चढलं, उतरलं कधीच नाही. पल्लवीचीही वाट तीच, बाई म्हणाल्या. या बाळंतपणानंतर वजन उतरलं नाही तर साखर, गुडघे, धाप, सगळं आईसारखं. तूप-लाडू बंद. झेपेल तसं लवकर चालायला लागायचं. कुसुम पंख्याकडे बघत होती.

११ ऑगस्ट
शेलूला कुसुमकडे. ओट्यावर डिंक, अळीव, खारीक, तुपाचा डबा. डोकंच फिरलं.

"बाईंनी काय सांगितलं?"

"त्यांना काय जातंय सांगायला. पोरीची कंबर जायची, त्यांची नाय."

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घरात एक माणूस ऐकेल तर शपथ.

१९ ऑगस्ट
कुसुमशी फोनवर भांडण. सारखं तेच. मग म्हणाली, "माझ्या येळेला तूच आलेलीस ना रजा टाकून? समोर बसून दोन-दोन लाडू खायला लावायचीस. नको म्हटलं की डोळे वटारायचीस. तवा कुठं गेलं होतं गं तुझं विज्ञान?"

खरं आहे. आई नव्हती, मीच करायचे. मूल पडलं त्या दोन्ही वेळी तर जास्तच, पुढचं टिकावं म्हणून.

फोन मीच ठेवला.

१२ सप्टेंबर
पल्लवीला मुलगी. दोघी ठीक.

दवाखान्यातून तिचाच फोन. "मावशी, थोरलं सासरीच राहील. सव्वा महिना भिसेगावला तुझ्याकडे येऊ? आईला नाही म्हणणं मला जमत नाही. तुला जमतं."

ये म्हटलं. कुसुमला कोण सांगणार, ते दोघींपैकी कोणीच बोललं नाही.

२१ सप्टेंबर
कुसुम आली. दोन मजले चढून. दारातच खुर्ची द्यावी लागली. पाणी पिऊन पहिलं वाक्य : "पोर तोडलीस माझी."

लाडू आणले नव्हते. मी पिशवी तपासली.

२२ सप्टेंबर
राहिली आहे. किती दिवस, विचारलं नाही. सकाळी पल्लवीला खाली अंगणात फिरवायला निघाले तर कुसुम दारात आडवी आली. "बाळंतिणीला वारा लागतो!"

"मग तू चल. तुझा सव्वा महिना संपून पंचवीस वर्षं झाली."

पल्लवी हसली. कुसुम नाही. मघापासून चपलांकडे बघत बसली आहे. अजून उठलेली नाही.