काहिलीचा आवाज

ती. आबा,

जर्मनीहून पाया पडते. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईला गुडघ्यासाठी गारगोटीच्या डॉक्टरांकडं नेलंत का? फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहिते.

आमच्या संशोधन गटात सहा पाहुणे अभ्यासक. मराठी बोलणाऱ्या एकट्या पुण्याच्या नाडकर्णीबाई. आईची चटणी अर्धी त्यांनीच संपवली. इथं चहाला जो तो आपलं अर्धंकच्चं काम बोलून दाखवतो, तशी रीतच आहे. मीही बोलले. गुळाची काहील कधी उतरवायची, हे तुम्ही डोळे मिटून रटरटण्याच्या आवाजावरून कसं ओळखता, ते सगळं.

परवा त्याच आवाजावर बाईंचा लेख छापून आला. शोध त्यांच्या नावावर, तळटीपेत माझे आभार. विचारलं तर हसल्या. "अगं, चहावरचं बोलणं सगळ्यांचंच असतं की!"

मेलीला चटणी चारली मी!

पण आबा, सम्राटदादालाही न सांगितलेलं तुम्ही मला शिकवलंत. म्हणालात, "पोरी, ह्ये घराभाईर जायचं न्हाय." मी व्हय म्हटलेलं.

यंदा गुऱ्हाळ लागलं की दरवर्षीसारखा फोन काहिलीजवळ धरू नका. मला ऐकवणार नाही.

तुमची,
मोना