मास्टर कॉपी माझ्या केबिनमध्ये

६ जानेवारी, सोमवार
नागपूरहून जयपूरला परत. मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला सहा दिवस रजा काढली, तर इथलं झालाना भागातलं आमचं अख्खं ऑफिस सहा दिवस ठप्प! एका शाळेचं वेळापत्रक अडलं आणि कोणाला ते दुरुस्त करता येईना. साहजिकच आहे. शाळांना वेळापत्रक बनवून देणारं सॉफ्टवेअर आमचं. दहा जणांची टीम आपापला कोड झिप करून मला मेल करते, मी तो हाताने मास्टर कॉपीत घालतो. मास्टर कॉपी माझ्या केबिनमध्ये, केबिनची किल्ली माझ्या खिशात. अकरा वर्षं हीच पद्धत. माझ्यावाचून इथलं पान हलत नाही, हे एकदाचं सिद्ध झालं.

आमचे मालक शेखावतजी मात्र भलत्याच निष्कर्षाला आले. म्हणाले, दिलीपजी, ऐसे नहीं चलेगा. डिस्ट्रिब्युटेड व्हर्जन कंट्रोल आणायचं, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल आपोआप नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, कोणतं ते तुम्हीच ठरवा. एप्रिलमध्ये चीफ आर्किटेक्ट नेमायचाय, असंही म्हणाले. माझ्याकडे बघूनच म्हणाले.

८ जानेवारी
तनयाला मत विचारलं. टीममधली सगळ्यात नवी. वडील रेल्वेत, जन्म जयपूरचा, मराठी अडखळत. म्हणाली, सर, मतलब, सगळे गिटच वापरतात ना. याला अभ्यास म्हणत नाहीत. गिट, मर्क्युरियल आणि फॉसिल, या प्रकारातल्या तिन्ही सॉफ्टवेअरचा तुलनात्मक तक्ता करणार. बेचाळीस निकष.
संकल्प : रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.

१४ जानेवारी
संक्रांत. आमच्या प्रताप नगरात उजाडल्यापासून गच्चीगच्चीवर स्पीकर आणि पतंग. अभ्यास अशक्य. काल थंडी होती. परवा रविवार होता.

२१ जानेवारी
धक्कादायक! या प्रकारात प्रत्येकाच्या मशीनवर सगळा कोड असतो, आणि पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहाससुद्धा. कालच्या पोरीकडेही. मग केबिनला कुलूप कशाला लावायचं? तिन्हींपुढे एकच शेरा मारला : "सुरक्षेच्या दृष्टीने अयोग्य."

२३ जानेवारी
शेखावतजींनी तक्ता परत पाठवला. एक निवडायचंय, तिन्ही नाकारायची नाहीत, म्हणाले. या माणसाला अभ्यासाची कदर नाही.

३ फेब्रुवारी
आजचा दिवस माझा! तनयाने गिटमधली 'ब्लेम' नावाची सोय दाखवली. कोडमधल्या कुठल्याही ओळीबद्दल विचारा, ती कोणी लिहिली आणि कधी, हे नावानिशी सांगते. बाकीच्या दोघांतही अशी सोय आहे म्हणाली. असेल. तक्ता बंद. गिट ठरलं.
इतकी वर्षं मी खपलो आणि नवा ग्राहक मिळाला की केक कापायला दुसरेच पुढे. आता कळू दे सगळ्यांना, कोणी काय केलंय ते.
माझी अट : इतिहास कोरा सुरू करायचा नाही. अकरा वर्षांतली एकही मेल मी पुसलेली नाही. सगळ्या तारखेवार आत घालायच्या, पाठवणाऱ्याच्या नावाने. तनयाने लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाली, सर, नवीन सुरू केलं तर पण चालेल. आळस, दुसरं काय!

१२ फेब्रुवारी
गिट स्वतः वापरून पाहिलं. एकाच ओळीत माझाही बदल, तनयाचाही. यंत्र विचारतं, कोणाचा ठेवू? मला असं विचारायची कोणाची हिंमत झाली नव्हती. घाईत दोन्ही घालवले. तिचा तिच्या मशीनवर शाबूत होता, माझा गेला. कीबोर्ड जुना झालाय, बदलून मागणार.
जयंती म्हणाली, तुमचा पाचचा गजर रोज मी उठून बंद करते, तेवढा काढून टाका. बायकोचाच पाठिंबा नाही.

२५ फेब्रुवारी
चार हजारांवर मेल निघाल्या. निम्म्याहून जास्त स्वप्नीलच्या, असं तनया म्हणाली. स्वप्नील म्हणजे २०१९ साली पुण्याला गेला तो. ऊठसूट मेल पाठवायची सवयच होती त्याला. त्याच्या शेवटच्या अप्रेझलमध्ये मीच लिहिलं होतं, "सांगितल्याशिवाय काही करत नाही." बरोबरच लिहिलं होतं. सही करताना त्याने मान वर केली नव्हती. हे आज कशाला आठवावं?

१० मार्च
होळी झाली की वीस तारखेला सगळ्यांसमोर डेमो. काय दाखवायचं ते ठरलंय. एखादा शिक्षक आला नाही तर त्याचा तास कोणाला द्यायचा, हे ठरवणारा भाग. शाळा त्यासाठीच आमच्याकडे येतात. तो मी लिहिलाय, वर माझं नावही आहे. जयंतीला दोनदा सांगून झालं. ती म्हणाली, नऊदा.

२० मार्च, गुरुवार
डेमो झाला.
मी उभा राहून म्हणालो, तो भाग उघड आणि ब्लेम लाव. तनया हळूच म्हणाली, सर, दुसरा उघडू? मी म्हणालो, तोच.
तीनशे बारा ओळी. तीनशे अकरा ओळींपुढे स्वप्नील.
कोणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेखावतजींनी विचारलं, ये स्वप्नील आजकल कहाँ है? किसी के पास नंबर है? माझ्याकडे होता. दिला.

२१ मार्च
दिवसभरात कोडची एकही मेल आली नाही. केबिन उघडीच ठेवली. कोणी आलं नाही.
यंत्र चुकलं, असं लिहायला बसलो होतो. चुकलेलं नाही. तो भाग मीच लिहिला असं मला खरंच वाटायचं. त्याच्या मेलमधून उचलून इतक्या वेळा माझ्या हाताने मास्टर कॉपीत घातला, की तो माझाच झाला. त्या पोराला मी काय लिहून दिलं होतं! लाज वाटते.
माझीही एक ओळ आहे त्यात, सगळ्यात वरची. "खालच्या कोडला कोणीही हात लावू नये. दिलीप." ती नुसती सूचना, वाचणाऱ्यासाठी. यंत्र ती वगळूनच पुढे जातं. संध्याकाळी तनयाला म्हटलं, ती काढून टाक. ती म्हणाली, राहू दे ना सर. मतलब, तिने काही फरक नाही पडत.