दवाखान्याच्या कपाटाविषयी माझी शर्त

मी, सुलभाबाई, कै. गजानन पिंपरीकर यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार इतवारा, बुऱ्हाणपूर, शुद्धीवर असताना व कोणाच्या दडपणाखाली नसताना, माझ्यामागची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. शरीर थकले आहे, बुद्धी ठीक आहे. मनाला मात्र लाज वाटते. ती वगळून हे लिहिता येत नाही.

१. माझे दागिने व लुगडी मुलगी मंगला हिला द्यावीत. नथ तेवढी जावेच्या सुनेला द्यावी. त्या नथेवरून जाऊ आणि मी पुष्कळ वर्षे बोललो नाही, आता ती कटकट माझ्याबरोबर संपावी.

२. राहते घर माझ्या वडिलांनी माझ्या नावे घेऊन दिले. वरचा मजला मुलगा डॉ. श्रीकांत याला बिनशर्त. खाली त्याचा दवाखाना आहे, तो मजला शर्तीवर.

आमच्याकडे रोगी घरूनच बाटली आणतात. पिण्याचे औषध आणि चोळण्याचे जहरी औषध एकाच कपाटात, एकसारख्या बरण्यांत असते. तापाच्या साथीत, गर्दीच्या वेळी, कंपाउंडर उखर्डूने भागाबाईला तापाचे म्हणून चोळण्याचे औषध भरून दिले. ती गेली. श्रीकांतने उखर्डूला काढले आणि सगळा दोष त्याच्या माथी मारला. भागाबाईचा नवरा चुडामण, केळी पिकवणारा साधा माणूस, तुम्ही शर्थ केली म्हणत श्रीकांतच्या पाया पडला. मी जिन्यात उभी होते. मला त्याच्याकडे बघवेना.

नवा कंपाउंडर सुकलाल. त्याच्याकडूनही तेच झाले. मालूबाईला बाटलीचा वास वेगळा आला म्हणून तिचे मूल वाचले. श्रीकांतने त्यालाही काढले. माणसेच नालायक मिळतात, असे त्याचे म्हणणे.

मी म्हटले, "दोन्ही माणसं नालायक, आणि कपाट तेवढं बरोबर?"

तो रागावला. मध्यप्रांताचा मध्यप्रदेश झाला तेव्हा त्याने दवाखान्याची पाटी लगेच नव्याने रंगवून घेतली. कपाट तसेच आहे.

शर्त अशी: जहरी औषधे वेगळ्या, कुलपाच्या कपाटात ठेवावीत आणि दवाखान्याच्याच खरबरीत निळ्या बाटल्यांतून द्यावीत, म्हणजे न वाचताही हाताला कळेल. दुसऱ्याने चिठ्ठी मोठ्याने वाचल्याशिवाय बाटली बाहेर जाऊ नये. आपली चूक सांगणाऱ्याची नोकरी जाऊ नये. हे न झाल्यास खालचा मजला नगरपालिकेला प्रसूतिगृहासाठी द्यावा.

३. मी सिंधीपुऱ्यात उखर्डूच्या घरी गेले होते. त्याने चहा दिला. त्याची बायको धुरपदाबाई म्हणाली, "बाई, तुम्ही आल्या, ठीक आहे. पण डाक्टरसाहेब आले असते तर गल्लीनं पाह्यलं असतं."

मला मान वर करता आली नाही. माझ्या तेराव्याला जमलेल्या लोकांसमोर श्रीकांतने उभे राहून सांगावे की दोष एकट्या उखर्डूचा नव्हता, आमच्या दवाखान्याचा होता.

४. शेवटच्या आजारात मला खंडव्याच्या मोठ्या इस्पितळात नेऊ नये. खालच्या कपाटातलेच औषध, कंपाउंडर भरेल तसे, मला द्यावे.

हे कलम कच्च्या मसुद्यात वाचून श्रीकांत वर आला. म्हणाला, "आई, तुझी बाटली मी स्वतः भरीन."

"आणि बाकीच्यांची?" मी विचारले.

तो उठून खाली दवाखान्यात गेला. उत्तर अजून आलेले नाही. कलम कायम ठेवीत आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

सुलभाबाई गजानन पिंपरीकर

साक्षीदार:
यादव निंबा महाजन, इतवारा (सही)
लोटू कडू पाटील, सिंधीपुरा (डाव्या अंगठ्याची निशाणी)

बुऱ्हाणपूर, ता. ६ मार्च १९५१