पाटीवरचं विमान

प्रिय हर्षा,

तुझा पत्ता मी तुझ्या मैत्रिणीकडून, वंदनाकडून काढून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, ती देत नव्हती. तू तिला शपथ घातली आहेस म्हणे, की इकडचं तिकडे करायचं नाही आणि तिकडचं इकडे. शेवटी मी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले आणि म्हटलं, पत्ता दिल्याशिवाय मी उठत नाही, तुझ्या सासूला काय सांगायचं ते तू बघ. आईच्या जातीला लाज नसते, हे तुलाही आता कळू लागलं असेल. मला सगळं कळलंय ते कसं, तेही सांगते. बाबा आजारी आहेत, बरेच. पण आधी पाटीचं सांगू दे, त्याशिवाय पुढचं तुला पटणार नाही.

पहिल्या पगारातून तू त्यांना पुस्तकं वाचायचं ते यंत्र आणून दिलंस, त्याला ते पहिल्या दिवसापासून पाटीच म्हणत आले. मग तू दुर्गच्या कोर्टात लग्न केलंस, आणि आम्हाला ते दुसऱ्याच्या तोंडून कळलं. त्या दिवशी जेवणाच्या ताटावर बसून ते म्हणाले, "आजपासून या घरात तिचं नाव निंगणार नाई." दोन्ही फोनवर तुझा नंबर बंद करवून आणला आणि पाटी कपाटावरच्या ट्रंकेत टाकली. पण रिटायर झालेल्या माणसाचा दिवस फार लांब असतो गं. कारखान्यात, रेल मिलमध्ये, तीन पाळ्यांत जन्म गेला, आता एकच पाळी, ती संपता संपत नाही. डोळे अधू झालेले, छापील पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी दिसायची. एक दिवस पाहते तर ट्रंक खाली आणि पाटी चार्जिंगला. मी म्हटलं, पोरीचं नाव चालत नाही, पोरीची पाटी चालते वाटतं. म्हणाले, "पाटीनं काय केलं?" घरात काहीतरी मऊ व्हायला लागलं होतं, ते उगाच उकरायला नको होतं.

पाटीला नेटवरून जोडलेलं खातं तुझं, त्यातून पुस्तक घ्यायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग कोहक्याच्या चौकात भैयालालचं झेरॉक्सचं दुकान आहे ना, तो कॉम्प्युटरला वायर जोडून बाहेरची पुस्तकं पाटीत भरून द्यायला लागला. जुनी पुस्तकं, कुणाची मालकी न उरलेली, लोक एकमेकांना पाठवत असतात तसली. पहिल्या खेपेला मराठीच्या जागी नुसते चौकोन आले. भैयालालने ते कशातून तरी फिरवलं आणि अक्षरं आली. तुझे बाबा पाटी टॉवेलात गुंडाळून सायकलच्या पिशवीत ठेवायचे आणि बाळंतिणीला आणावं तसे हळूहळू घरी आणायचे. या भिलाईत मराठी पुस्तक मिळणं किती कठीण, तुला माहीत आहे. मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाला तर वाळवी लागली. त्यामुळे पाटीतलं एकेक पुस्तक म्हणजे त्यांना घरात आलेलं धान वाटायचं.

त्याच भैयालालने त्यांना एक सांगितलं. "काकाजी, ये हवाई जहाज का निशान हमेशा चालू रखना. नेट लगा कि बाहर का भरा हुआ सब पुंछ जाएगा." झालं. तुझ्या बाबांना एकदा सूचना मिळाली की मिळाली. आयुष्यभर सेफ्टीचे बोर्ड वाचून वागलेला माणूस, घरच्या गॅसचं बटणही झोपायच्या आधी उठून उठून बघतो. त्यांनी पाटीच्या कव्हरवर एक लाल चिठ्ठी चिकटवली, विमान बंद करू नये, हात लावू नये. तू लहान असताना तुला समजावून सांगायचे बघ, मिलमध्ये मशीन बंद करून आत माणूस दुरुस्ती करत असला की स्विचला लाल चिठ्ठी लावतात, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्याने हात लावला की आत कुणाचा तरी जीव जातो. मी त्या चिठ्ठीला कधी हात लावला नाही. मिलवाल्याची बायको आहे, तेवढं कळतं.

पाटी उघडली की वर तुझं नाव येतं, 'हर्षाची पाटी'. तू घालून दिलेलं. भैयालाल म्हणाला होता, बदलून देतो. तर म्हणाले, "राहू दे, उगाच एखादं पुस्तक पुसून जाईन." पुस्तकाचं निमित्त, बाकी काही नाही. रोज दुपारी त्या नावावरूनच आत जायचे. गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजन झाल्यावर, पाटी मांडीवर घेऊन बसले होते. आपणहून म्हणाले, "एवढे दिवस झाले, एक शब्द नाई तिचा. पोरीनं असं करावं का?" मी म्हटलं, शब्द यायला दार उघडं ठेवलंत का तुम्ही? पण हर्षा, तो माणूस वाट पाहत होता. हे मी मनाचं लिहीत नाही. दाराशी कुरिअरवाला आला की आधी ते उठायचे आणि नाव वाचून पुन्हा बसायचे.

संक्रांतीच्या आधी त्यांना लकवा मारला. अंघोळीला गेले आणि तिथेच पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलंय, पण डॉक्टर म्हणतात, जेवढं आहे तेवढंच धरून चाला. समोर पाटी धरली तर तिच्याकडे बघतात, पण अक्षरं लागत नाहीत बहुतेक. मी शेजारी बसून वाचून दाखवायला लागले. भरलेली पुस्तकं संपली, आणि भैयालाल तर दुकान बंद करून रायपूरला गेलेला. वंदना बघायला आली तेव्हा तिला म्हटलं, एखादं पुस्तक भरून दे बाई. तिने पाटी हातात घेतली आणि म्हणाली, "काकू, हे विमान कावून चालू ठेवून राहिले तुमी? बंद करा न, मी फोनवरूनच टाकून देते." मी तिला लाल चिठ्ठी दाखवली. ती हसली. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते भिंतीकडे बघत होते. मग मीच विमान बंद केलं.

आधी काही झालं नाही. वंदनाच्या फोनचं नेट लागलं, आणि पुस्तकं यायला लागली. एकाखाली एक, एकाखाली एक. मला वाटलं वंदनाच पाठवते आहे. तिने फोन बाजूला ठेवून हात दाखवले. सगळी तू पाठवलेली. पुस्तकांची खरी नावं पुसून नावांच्या जागी तू आपले निरोप घातले होतेस. 'बाबा, मोठ्या अक्षरात केलंय.' 'बाबा, यात धानाच्या रोवणीचं आहे.' 'बाबा, डोळे दाखवले का?' 'बाबा, आईला पण वाचून दाखवा.' आणि मग 'बाबा, मुलगी झाली.' मी खाटेच्या कडेला बसले. मला आजी होऊन किती महिने झाले होते, आणि विमानामुळे नेट बंद, म्हणून ते वरच्या वर अडकून पडलं होतं, आमच्याच पाटीच्या दाराशी. भैयालालने भरलेल्यातलं एकही पुस्तक पुसलं गेलं नाही, तेही सांगते. सगळी जिथल्या तिथे. ज्याची इतकी राखण केली, त्याला काही धोकाच नव्हता.

वंदना गेल्यावर मी त्यांच्या कानाशी बसून ती नावं वाचली. मुलीचं वाचलं तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. पण त्या डोळ्यातून तसंही दिवसभर पाणी येतं, म्हणून तुला खोटं सांगणार नाही. त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आवाजाला हल्ली ते वळत नाहीत. तुझ्या आवाजाला वळतील असं मी लिहीत नाही. तू आलीस आणि त्यांनी ओळखलंच नाही, असंही होईल. ते सगळं धरून ये.

शेवटच्या पुस्तकाचं नाव मी त्यांना वाचून दाखवलं नाही, आणि दाखवणारही नाही. 'बाबा, हे शेवटचं. तुम्हाला नकोच असेल तर मला समजलं.' तेवढ्यासाठी हे पत्र आहे, बाकी सगळं मी पाल्हाळ लावलं. हर्षा, तुला चुकीचं समजलं. त्यांनी नको म्हटलं नाही, त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही. तुझा जुना नंबर मी आमच्या फोनवर चालू करून घेतला, तो आता दुसऱ्याच कुणाला लागतो, नवा वंदनाने दिला नाही, म्हणून पोस्टाने पाठवते आहे, पोच मिळेल असं. तुझ्या नावाला घरात लावलेली चिठ्ठी अजून तशीच आहे, आणि लावणाऱ्याला आता ती काढता येत नाही. एकदा, फार पूर्वी, मी त्यांना विचारलं होतं, चिठ्ठी लावणारा माणूस आजारी पडला, कामावरच आला नाही, तर मशीन तसंच बंद ठेवता का? म्हणाले होते, "नाई, मंग त्याच्या वरचा साहेब आपली सही करते न् काढते." या घरात त्यांच्या वर कधी कुणी नव्हतं. तरी मी सही करते आहे. मुलीला घेऊन ये.

तुझीच आई,
मैना तेजराम लांजेवार
हुडको, भिलाई