पाचवा हात

मॉरिसव्हिल, ता. १२ जून २००५

सौ. शुभाताईस, सा. न. वि. वि. नमस्कार रागातच घे.

आणि वर तूच म्हणतेस, आधी ऐकून घे! काय ऐकायचं राहिलंय? फोनवर तू नुसतं आबा बरे आहेत म्हणालीस. आबांवर अविश्वास ठराव आला, सातातले पाच हात वर झाले, सरपंचपद गेलं आणि त्यातला पाचवा हात तुझा, हे मला गावातल्या श्रीरामकडून कळावं? गावातच दिलेली सख्खी लेक तू. आबांनीच तुला पंचायतीवर निवडून आणलं ना?

मी राबतो ते जुन्या इंग्रज गव्हर्नरचं घर आहे, आता म्युझियम. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथले अमेरिकन लोक इंग्लंडच्या राजावर उलटले, पण हा गडी हटला नाही. शेवटी घरातच धरला. धरायला कागद घेऊन आला कोण, तर सख्खा भाऊ. शनिवार-रविवारी त्याचा खेळ करतात. मी कँटीनमध्ये बटाटे तळतो, पण माणूस कमी पडला म्हणून मला लाल कोट घालून पहारेकरी केलाय. भाऊ आत येतो तेव्हा गव्हर्नर ओरडत नाही. जेवलास का, एवढंच विचारतो. टाळ्या मात्र भावाला! मला त्याच्या जागी तूच दिसतेस. काल मी त्याला दारातच अडवला, सोडेचना. खेळ थांबला. कँटीनवाले रवींद्रकाका म्हणाले की नंद्या यार, तू तर क्रांतीच कॅन्सल केलीस. सगळे हसले. मी नाही हसलो.

यंदा भाऊबीजेला मला धरू नकोस.

नंदू


निमखेडी, ता. ३ जुलै २००५

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. भांडताना तुझं अक्षर चांगलं येतं, गुरुजींनी तुला रोज चिडवायला हवं होतं.

त्या भावाच्या हातातला कागद कुणी वाचला का रे? मी माझा, पंचायतीतला, वाचला. वरच्या आळीची पाण्याची टाकी कागदावर बांधून झालीय, अर्धं बिलही निघालंय. जागेवर चार खड्डे आहेत. माझ्या सासूबाई या वयात ओढ्यावरून पाणी आणतात. आणि ठेकेदाराचं नाव नंदकुमार मनोहर ढेपे. खाली तुझी सही, आबांच्या हातची.

मी घरी जाऊन विचारलं. आबा म्हणाले, पोरगं अमेरिकेत आहे, त्याला कोण धरायला जातंय. ठराव पडला असता तर उरलेलं बिलही तुझ्याच नावावर निघालं असतं. म्हणून हात वर केला. तुला कळवलं नाही, कारण तुझ्या मनातले आबा मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं.

आता तालुक्याहून चौकशी येतेय. सही तुझी नाही हे तूच लिहू शकतोस. लिहिलंस तर आबा अडकतील, नाही तर तू. काय करावंस ते मी सांगणार नाही.

जेवत जा वेळेवर. रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी ताई


मॉरिसव्हिल, ता. २४ जुलै २००५

ति. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. मग घर दाखवणाऱ्या राधिकाला विचारलं, त्या भावाच्या कागदात होतं काय. ती म्हणाली, गव्हर्नरने शिपायांचे पगार या घराच्या बांधकामात घातले होते. खेळात दाखवत नाहीत, पण दार आतून उघडलं ते त्याच्याच पहारेकऱ्यांनी.

दोन दिवस कोट घातला नाही.

आबांना फोन केला. सहीचं विचारणार होतो. त्यांनीच विचारलं, तिकडे थंडी आहे का. जुलैत, ताई! मी हो म्हटलं. आवाज नेहमीसारखाच होता गं, मायेचा. त्याच मायेने त्यांनी माझी सही केली असेल का?

कागद सोबत जोडलाय. सही माझी नाही, इतकंच लिहिलंय. कुणाची, ते त्यांनी शोधावं. तूच नेऊन दे, आबांच्या हाती लागू देऊ नकोस. तुझ्यावरचा राग उतरला, पण तो आता कुणावर काढू ते कळत नाही.

सासूबाईंना नमस्कार सांग. या भांडखोर भावावर लोभ कमी करू नकोस.

तुझा नंदू

ता. क. टाकीच्या कामासाठी ड्राफ्ट पाठवतोय. तो पंचायतीत भर आणि पावतीवर माझं नाव घालू देऊ नकोस. रुपये अठरा हजार.