परिक्रमेला दोघं

ओंकारेश्वर

सौ. ठकूस, अनंताकडून नर्मदे हर.

मी मजेत आहे. भिवंडीचा म्हटल्यावर धर्मशाळेचे महाराज मला रोज कापडाचे भाव विचारतात. परिक्रमेची चौकशी झाली. पुढच्या कार्तिकात निघायचं. दोन दिवस नदीकाठाने चालूनही पाहिलं. पायाला फोड आलेत, पण छोटे.

वाटेत धुळ्याच्या एक बाई भेटल्या, तुझ्याच वयाच्या. नवऱ्याबरोबर पायी परिक्रमा करतायत. मी विचारलं, "गुडघे दुखत न्हायत का?"

त्या म्हणाल्या, "दुखतात की. पण घरी बसूनही दुखतच होते."

ठकू, तुझ्या गुडघ्यांचं कारण काढून मी एकट्यानेच जायचं ठरवलं. तुला विचारलंसुद्धा नाही. घरून निघताना तू डबा हातात दिलास, पण बोलली नाहीस. ते का, हे मला इथे येऊन कळलं. फोनवर सांगायला जमेना, म्हणून लिहितोय.

आपल्या मेघालीच्या बाळाला दात आले का?

तुझ्यासाठी एक काठी घेतलीय. तुझी उंची दुकानदाराला माझ्या खांद्याला हात लावून दाखवली. आपण सावकाश चालू, दमलो तर गाडी करू. शुक्रवारी घरी येतो. परिक्रमेला यायचं की नाही, ते या वेळी तू ठरव.

तुझा,
अनंता